बंद्यांची बाजू आणि कारागृहावरील देखरेख: पुण्यातून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

येरवडा मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाखतीसाठी नंबर लावून बसलेल्या नातेवाइकांमध्ये एखादी सकाळ घालवली, तर या लेखाचा निम्मा विषय तिथेच कळतो. कोणाच्या हातात कपड्यांची पिशवी असते, कोणाच्या हातात न्यायालयाच्या आदेशाची चुरगळलेली झेरॉक्स, आणि जवळजवळ प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची असते: आमच्या माणसाचे कागद नेमके कुठे अडले आहेत? हे उत्तर एका माणसाला शोधून देण्यापासून या कामाची सुरुवात होते, आणि ते सगळ्यांना वेळेवर मिळावे यासाठी माणसे, नोंदी आणि अधिकाऱ्यांची उत्तरे यांची व्यवस्था उभी करून ती वर्षानुवर्षे चालवणारा माणूस या क्षेत्रात पुढे नेता म्हणून ओळखला जातो. कायद्याचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी, नव्याने सनद घेतलेले वकील, आणि दुसऱ्या नोकरीतून इकडे वळू पाहणारे प्रौढ अशा तिघांना समोर ठेवून हे लिहिले आहे.

पुण्यात राहणाऱ्याला या कामात एक मोठी सोय आहे, तिची किंमत बाहेरगावच्या कार्यकर्त्याला विचारावी. १८७१ साली उभे राहिलेले येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह, त्याच्या शेजारचे महिला कारागृह आणि खुले कारागृह, कारागृह अधिकाऱ्यांना शिकवणारे दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ही सगळी ठिकाणे येरवड्यातच आहेत. राज्याच्या कारागृह व सुधारसेवा विभागाचे मुख्यालय स्टेशनजवळच्या जुन्या मध्यवर्ती इमारतीत आहे, महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यात आहे, आणि जिल्हा न्यायालय व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरला आहे. ज्या कागदाच्या चौकशीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला एसटीने दिवस मोडून यावे लागते, त्यासाठी तुम्हाला पीएमपीची एक बस पुरते.

येरवड्याचा इतिहास मोठा आहे. १९३२ चा पुणे करार इथे झाला, आणि पेटीतल्या छोट्या चरख्याला 'येरवडा चक्र' हे नाव या तुरुंगावरूनच पडले. २६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या कारागृह पर्यटनात हा भाग पाहता येतो. तो जरूर पाहावा, पण तो पाहून कारागृह पाहिले असे समजू नये, कारण तुमचे काम पर्यटकांना न दिसणाऱ्या बराकींमध्ये आहे.

पहिली पायरी: आपण कोणत्या खुर्चीत बसणार, हे ठरवणे

या क्षेत्रात तीन वेगवेगळी कामे आहेत, आणि नवखी माणसे ती एकमेकांत मिसळतात. पहिले काम सेवेचे: समुपदेशन, शिक्षण, सुटकेनंतरचे पुनर्वसन, कुटुंबाशी संपर्क. दुसरे बाजू मांडण्याचे: जामीन, अपील, रजा, तक्रार, जनहित याचिका. तिसरे देखरेखीचे: कारागृहात जाऊन तिथली परिस्थिती नियमांशी ताडून पाहणे आणि त्याचा अहवाल देणे. सेवा करणाऱ्याला कारागृह प्रशासनाशी सहकार्याने राहावे लागते, बाजू मांडणाऱ्याला वेळप्रसंगी त्याच प्रशासनाविरुद्ध न्यायालयात उभे राहावे लागते, आणि देखरेख करणाऱ्याला दोघांपासूनही थोडे अंतर ठेवावे लागते. जी संस्था कारागृहाला साहित्य पुरवते तिच्याच विश्वस्ताने तपासणी अहवालावर सही केली, तर त्या अहवालाला कोणी हिंग लावूनही विचारणार नाही, आणि ते योग्यच होईल.

मूळ अडचण यापेक्षा खोल आहे. कारागृहाचे दार ज्याच्या परवानगीने उघडते, त्याच्याच कारभाराबद्दल तुम्हाला लिहायचे असते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हा शहाणपणा आपल्याकडे लहानपणापासून शिकवला जातो, आणि या क्षेत्रातली कितीतरी चांगली माणसे त्यामुळे हळूहळू गप्प होतात. याच्या उलट काही जण पहिल्याच भेटीनंतर वर्तमानपत्रात जातात, दार कायमचे बंद होते, आणि आतल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन टोकांच्या मधून कसे चालायचे यासाठीच आहेत.

दुसरी पायरी: वाचन, पण ठरावीक

पहिल्या सहा महिन्यांत चार गोष्टी वाचाव्यात. पहिली, १८९४ चा कारागृह अधिनियम. जुना आहे, पण आपली बरीचशी नियमावली त्याच्यावर उभी आहे. दुसरी, १९७९ ची महाराष्ट्र कारागृह नियमपुस्तिका. तिसरी, १९५९ चे फर्लो आणि पॅरोल नियम. अर्जांत यांना अनुक्रमे संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात, आणि हे दोन शब्द उलटसुलट लिहिल्यामुळे परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत. चौथी, केंद्राची २०१६ ची आदर्श कारागृह नियमपुस्तिका. 'कारागृहे' हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये असल्यामुळे केंद्राची नियमपुस्तिका आणि २०२३ चा आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम हे नमुने आहेत. अधीक्षकासमोर बोलताना नमुना कोणता आणि बंधनकारक नियम कोणता, याची गल्लत करू नये. एकदा केली की पुढचे सहा महिने तुमच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहिले जाते.

निकालांची यादी मोठी आहे, पण सुरुवात सुनील बत्रा प्रकरणांपासून करावी. त्यांतले १९८० चे प्रकरण एका बंद्याने दुसऱ्या बंद्याला झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रातून उभे राहिले, आणि शिक्षा झाली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क कारागृहाच्या दाराशी संपत नाहीत हे तत्त्व त्या मालिकेतून पक्के झाले. १९७९ चे हुसैनारा खातून प्रकरण जलद सुनावणीचे आहे. १९८३ चे शीला बारसे प्रकरण तर आपल्याच राज्याचे: मुंबईतल्या पोलीस कोठडीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल एका पत्रकार स्त्रीने लिहिलेले पत्र त्याच्या मुळाशी होते. आणि ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता प्रकरणातला निकाल प्रत्येकाने मुळातून वाचावा. कारागृहातली कामे जातीवरून वाटू नयेत आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकावा, असे त्यात सांगितले आहे. पारध्यांसारख्या विमुक्त समाजांवर 'सराईत' असा शिक्का कसा बसत आला, याचीही चर्चा त्यात आहे. याही प्रकरणाची सुरुवात एका पत्रकार स्त्रीने केली, ही गोष्ट फक्त वकिलांनीच या क्षेत्रात यावे असे समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

आकड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक कारागृह-सांख्यिकी अहवाल आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती, म्हणजे १३१.४ टक्के भरती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, न्यायाधीन बंदी होते. बोलीभाषेत यांना कच्चे कैदी म्हणतात. पण सरासरी फसवी असते. खुल्या कारागृहातल्या रिकाम्या जागाही या हिशेबात धरल्या जातात, आणि शंभर माणसांच्या सर्कलमध्ये (बराकींच्या गटात) तीनशे माणसे झोपत असतील तर ते देशाच्या टक्केवारीत दिसत नाही. म्हणून आकडा नेहमी कारागृहाचा, आणि शक्य झाल्यास बराकीचा मागावा.

तिसरी पायरी: आत जाण्याचा रस्ता निवडणे

सगळ्यात सोपा रस्ता विधी स्वयंसेवकाचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवड करते, प्रशिक्षण देते आणि ओळखपत्र देते. मानधन नाममात्र असते, त्यामुळे याला नोकरी समजू नये. पण कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात बसून बंद्याशी समोरासमोर बोलण्याची संधी इतक्या लवकर दुसरीकडे मिळत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे वाक्य तुम्हाला वर्षातून काही शे वेळा उच्चारावे लागेल, आणि त्याबरोबर १५१०० हा मदत क्रमांकही.

वकिलांसाठी २०२२ च्या योजनेतून आलेली लोक अभिरक्षक कार्यालये, म्हणजे गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी कार्यालये, आहेत. इथे फौजदारी बचावाचे काम पूर्ण वेळ करावे लागते आणि खाजगी वकिली सोडावी लागते. मुख्य लोक अभिरक्षकासाठी किमान १० वर्षांचा आणि उपमुख्य पदासाठी ७ वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो. सहायक पदे नवोदितांसाठी आहेत. नेमणूक कंत्राटी असते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. तरीही, जिल्ह्यातल्या गरीब आरोपींच्या बचावाचे पथक चालवण्याचा अनुभव देणारे दुसरे पद आज आपल्याकडे नाही, असे माझे मत आहे.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यासाठीच कारागृह किंवा परिविक्षा (प्रोबेशन) कार्यालय मागून घ्यावे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा क्षेत्रीय प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, कारागृहे आणि सुटलेल्या माणसांबरोबर काम करतो. एखादी संस्था न्यायव्यवस्थेच्या आत राहून काम कसे करते, हे तिथे शिकता येते. परिविक्षा अधिकारी हे सरकारी पद महिला व बाल विकास विभागाकडे आहे. १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाखाली त्याने दिलेल्या सामाजिक चौकशी अहवालावर एखादा माणूस तुरुंगात जातो की घरी राहतो, हे ठरू शकते, आणि तरीही हे पद विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर क्वचितच असते.

कारागृह सेवेत शिरणे हाही एक सरळ रस्ता आहे. शिपायाची भरती पोलीस भरतीबरोबर होते, आणि पुढे तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक, अधीक्षक अशी उतरंड आहे. सर्वांत वरचे पद भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्याकडे असते. आतून सुधारणा करणाऱ्या अधीक्षकाला बाहेरच्या दहा संस्थांइतके काम करता येते. मात्र त्या खुर्चीवर बसून देखरेखीची भाषा वापरता येत नाही, हे पहिल्या पायरीत सांगितलेच आहे.

चौथी पायरी: पहिले वर्ष अडलेल्या जामिनांवर घालवणे

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढची सगळी विश्वासार्हता इथे कमावली जाते. कल्पना करा की बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेला, चाकणच्या कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणारा एक तरुण चोरीच्या आरोपाखाली आत आहे. न्यायालयाने त्याला १५,००० रुपयांचा जामीन दिला आहे. कागदोपत्री तो मोकळा आहे. पण जामीनदार म्हणून उभा राहायला पुण्यात त्याचे कोणी नाही, खोली भाड्याची, रेशनकार्ड गावाकडचे, आणि ठेकेदाराने दुसरा माणूस घेतलेला. अशी माणसे महिनोन्महिने आत राहतात, आणि त्यांची यादी आपोआप कोणाच्याही टेबलावर येत नाही. ती काढणे हे तुमचे पहिले काम.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांमुळे या कामाला दिशा आली आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने कारागृहाकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायला हवी. जामीन मिळून ७ दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायला हवे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरल्याने सुटका लांबते, हेही त्या निर्देशांत नमूद आहे. तुमच्या वहीत म्हणून प्रत्येक बंद्यासमोर चार तारखा असाव्यात: अटकेची, जामीन आदेशाची, ७ दिवस पूर्ण होण्याची आणि महिना पूर्ण होण्याची. त्यांतली तिसरी तारीख उलटली की सचिवांकडे तोंडी न बोलता एक पानाचा अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.

पैशांचाच प्रश्न असेल तर २०२३ ची गरीब बंद्यांना सहाय्य करण्याची केंद्राची योजना आहे. न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी आणि सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी ठरावीक रकमेपर्यंत मदत जिल्हास्तरीय समिती मंजूर करू शकते. बंदी खरोखर गरीब आहे की नाही, याची चौकशी परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ते यांच्यामार्फत करता येते, म्हणजे तुमच्या गृहभेटीच्या अहवालाला इथे थेट किंमत आहे. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार प्रतिबंध आणि यूएपीए कायद्यांखालच्या आरोपींना ही योजना लागू नाही. ते आधी पाहून घ्यावे, नाहीतर आईला खोटी आशा लावल्यासारखे होते.

दुसरी यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४७९ ची. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याला एक तृतीयांश काळानंतर, या कलमाचा लाभ मिळतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तो नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही अडचण येते. कमाल ३ वर्षांची शिक्षा असलेल्या चोरीच्या गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याची मर्यादा १ वर्षाने, आणि इतरांची १८ महिन्यांनी पूर्ण होते, इतका हा हिशेब साधा आहे. तरीही तो कोणीतरी बसून करावा लागतो. असा अर्ज न्यायालयाकडे करण्याचे कर्तव्य कायद्याने अधीक्षकावरच टाकलेले आहे, आणि हे कलम संहिता लागू होण्यापूर्वीच्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून अधीक्षकाकडे जाताना तक्रार घेऊन न जाता तयार तक्ता घेऊन जावे. बहुतेक कारागृहांत न्याय विभाग, म्हणजे बंद्यांच्या खटल्यांचे कागद, सांभाळणारे कर्मचारी मोजकेच असतात, आणि ज्याने त्यांचे तीन दिवसांचे काम हलके केले त्याला पुढच्या वेळी दारात ताटकळावे लागत नाही.

ही दोन्ही प्रकरणे शेवटी न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीसमोर येतात. तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, कारागृह अधीक्षक व विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव सदस्य असतात. समितीपुढे एखादे नाव यायचेच राहून गेले असेल, तर घोडे कुठे पेंड खाते ते शोधावे. अनेकदा कारागृहाच्या संगणकातल्या नोंदीत गुन्ह्याचे कलम चुकीचे असते, आणि हिशेब त्या कलमावरच चाललेला असतो.

पाचवी पायरी: जे पाहिले ते लिहायला शिकणे

माझ्या तिसऱ्या वर्षी एका जिल्हा कारागृहाच्या भेटीनंतर मी अहवालात लिहिले होते की, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या पंचविशीतल्या एका बंद्याने जेवणाबद्दल तक्रार केली. नाव लिहिले नव्हते, म्हणून मी निश्चिंत होते. त्या बराकीत चाकणला काम केलेला पंचविशीतला मुलगा एकच होता. पुढच्या भेटीत त्याची बराक बदललेली होती आणि तो माझ्याशी बोलायला आला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून अहवाल देण्याआधी मी एकच परीक्षा लावते: हे वाक्य वाचून रात्रपाळीच्या हवालदाराला माणूस ओळखता येईल का?

लिहिताना स्वतः पाहिलेले, बंद्याने सांगितलेले आणि नोंदवहीत आढळलेले हे तिन्ही वेगळे ठेवावे, आणि प्रत्येकासमोर तारीख व वेळ असावी. 'जेवण निकृष्ट आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे. सकाळी अकराला भट्टीवर किती डाळ शिजत होती, त्या दिवशी कोठारातून किती निघाली, आणि हजेरीत माणसे किती होती, हे तीन आकडे एका ओळीत लिहिले की उत्तर द्यावेच लागते. विशेषणे जितकी कमी, तितका अहवाल फाईलमध्ये जास्त टिकतो.

तक्रार कुठे न्यायची याला क्रम आहे. सोयी-सुविधांची बाब आधी अधीक्षकाकडे लेखी, मग मुख्यालयाकडे. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जिवाला धोका असेल तर हा क्रम सोडून थेट विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे आणि संबंधित न्यायालयाकडे जावे. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. त्याला कारागृहाला भेट देता येते, पण तो शिफारस करतो, आणि घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर तक्रार घेतली जात नाही. कोठडीतल्या मृत्यूची माहिती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांच्या आत जायला हवी, आणि त्याची चौकशी दंडाधिकाऱ्यामार्फत होते. अशा वेळी कुटुंबाबरोबर राहून कागद सांभाळणे हे भाषणापेक्षा कितीतरी मोठे काम असते.

माहिती अधिकाराचा वापर करताना आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क १० रुपये. मंजूर आणि भरलेली वैद्यकीय पदे, पुनर्विलोकन समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि अभ्यागतांच्या (कारागृहाची पाहणी करायला नेमलेल्या व्यक्तींच्या) भेटींची नोंद हे तीन स्वतंत्र अर्ज दर वर्षी नेमाने करावेत. जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे कलम मात्र खरोखर गरज असेल तेव्हाच वापरावे. उठसूट वापरले की त्याची धार जाते.

सहावी पायरी: देखरेखीच्या पदांकडे

सामान्य नागरिकासाठी खुले असलेले मुख्य पद अशासकीय अभ्यागताचे. नेमणूक राज्य शासन करते. व्यवहारात काही नेमणुका शोभेच्या ठरतात आणि अभ्यागत वर्षातून एकदा चहा घेऊन येतात, ही तक्रार जुनी आहे. तरीही ते पद सोडू नये, कारण सुकन्या शांता निकालाने अभ्यागत मंडळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या दोघांनी मिळून नियमित तपासणी करावी असे सांगून त्यात नवा जीव आणला आहे. पाच-सात वर्षांचे लेखी काम, कोणत्याही पक्षाशी वा कारागृहाच्या ठेक्याशी संबंध नसणे, आणि न्यायिक अधिकाऱ्यांना तुमच्या अहवालांची ओळख असणे, या तीन गोष्टींवर शिफारस मिळण्याची शक्यता वाढते.

भेटीत काय पाहावे? रंगवलेली भिंत आणि पाहुण्यांसाठी काढलेली रांगोळी सोडून थेट रुग्णालयाकडे जावे. बाह्यरुग्ण वहीत 'ससूनला पाठवणे' असे लिहिलेले किती आणि त्यांतले प्रत्यक्ष गेलेले किती, हे मोजावे. बंद्याला रुग्णालयात न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो, आणि तो न मिळाल्याने चुकलेल्या तारखांची बेरीज कोणी सहसा करत नाही. न्यायालयातल्या पेशीचेही तसेच. किती जण प्रत्यक्ष गेले आणि किती जणांना केवळ पडद्यावर हजर केले, हे वेगळे लिहावे. संडास कोण साफ करतो आणि स्वयंपाक कोण करतो, हे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याचे आडनाव न विचारता त्याला हे काम कसे मिळाले एवढेच विचारावे. महिला बराकीत सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर असू शकतात, असे २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाने ठरवून दिले आहे. त्यांच्या दुधाची, लशींची आणि बाहेर बालवाडीत जाण्याची नोंद पाहावी. मानसिक आजाराच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०३ सांगते की, कारागृहात मानसिक आजारी बंदी नसल्याचा तिमाही अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायचा असतो. तो अहवाल मागून पाहावा आणि मग बराकीतून एक फेरी मारावी.

चांगले आढळले तर तेही लिहावे. सिद्धदोष बंद्यांना सात टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देणारी राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना २०२२ मध्ये येरवड्यातून सुरू झाली. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत तर औंध संस्थानाने १९३९ मध्ये उभारली, म्हणजे कुंपणाशिवाय बंदी ठेवण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही. अशा योजनांबद्दल अभ्यागताने विचारायचा प्रश्न निवडीचा असतो: खुल्या कारागृहात जागा रिकाम्या असताना बंद कारागृहातल्या पात्र माणसांची यादी कोणी आणि शेवटची कधी केली?

सातवी पायरी: पथक चालवणे

आठ-दहा वर्षांनंतर संस्था, कार्यालय किंवा कार्यक्रम चालवण्याची वेळ येते. पदे थोडी आहेत आणि पगार बेताचे आहेत. याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. पैसे देणाऱ्याला सुटलेल्या माणसांची संख्या हवी असते, आणि त्यामुळे सोपी प्रकरणे घेण्याचा मोह होतो. तो टाळायचा तर किती जुनी आणि किती अवघड प्रकरणे घेतली हेही अहवालात मोजावे. पथकात तुरुंगात राहून आलेली माणसे पगारी पदांवर घ्यावीत, केवळ व्यासपीठावर अनुभव सांगायला नव्हे. त्यांच्याकडे बराकीची जी समज असते ती पदवीने येत नाही, मात्र त्यांना त्याच कारागृहात प्रवेश मिळवून देण्यासाठी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो, याची तयारी ठेवावी. दर महिन्याला सहकाऱ्यांना एक दिवस कारागृहापासून दूर ठेवावे. या कामात माणसे भांडून कमी आणि थकून जास्त जातात.

कारागृहातल्या कर्मचाऱ्यांशी संबंध हा नेत्याच्या कामाचाच भाग आहे. बारा तास उभ्याने काम करणाऱ्या शिपायाची अडचण जो ऐकून घेतो, त्याने मारहाणीबद्दल लिहिलेला परिच्छेदही तितक्याच गांभीर्याने वाचला जातो. प्रशिक्षण महाविद्यालयात व्याख्यानाची संधी मिळाली तर घटनेची कलमे सांगत बसण्यापेक्षा कलम ४७९ चा तक्ता करून घ्यावा.

काम पुण्याबाहेर वाढवताना एक व्यावहारिक बदल ध्यानात घ्यावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) बसू लागले आहे, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे जातात. पुण्याची प्रकरणे मुंबईलाच चालतात. त्यामुळे दोन्हीकडे ओळखीचे वकील हवेत, आणि जनहित याचिकेचे शपथपत्र कोणी करायचे हे आधीच ठरलेले हवे.

सुरुवात करायची असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारावे, आणि अर्जासोबत शिक्षणाची प्रमाणपत्रे, ओळखपत्र, दोन छायाचित्रे न्यावीत. कारागृहाच्या पहिल्या भेटीला जाताना मोबाईल घरी किंवा दारावर ठेवावा, बंद्यासाठी कोणी दिलेली चिठ्ठी, विडी किंवा औषध कितीही अजीजी केली तरी घेऊ नये, आणि दोन पेन बरोबर असावेत, कारण एक बंदी हमखास मागून घेतो. दारावरच्या वहीत आत गेल्याची वेळ शिपाई लिहितो. बाहेर पडताना ती आपल्या वहीतही उतरवून घ्यावी, आणि त्या दिवशी कोणाला काय कळवायचे कबूल केले ते बसमध्येच लिहून काढावे.